जुनी रोड सायकल देऊन नवी घेताना

जुनी सायकल गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी टेप घेऊन बसा. ज्या मापावर अंग बसलं आहे, तेच नव्या सायकलवर न्यायचं आहे. मापं चार: क्रँकच्या (पायडल लागतं त्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, त्याच आसाच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या सीटचं नाक किती मागे आहे ते, सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि हँडल सीटपेक्षा किती खाली आहे ते. सायकल सपाट फरशीवर उभी करा. दुसऱ्या मापासाठी दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा, माप बिनचूक येतं. क्रँकची लांबी आतल्या बाजूला कोरलेली असते, तीही लिहा. १७० ऐवजी १७२.५ मिमी क्रँक आला तर सीट अडीच मिमी खाली घ्यावी लागते.

जुनीवर गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर ती मापं नेऊ नका. अनवाणी, भिंतीला टेकून उभे राहा, जांघेत पुस्तक घट्ट धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा: ८० सेंमीला सीटची उंची साधारण ७०.६ येते. सुरुवातीला एवढी बस्स.

फ्रेमवरच्या ‘५४’ किंवा ‘एम’वर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतं. स्टॅक (क्रँकच्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची) आणि रीच (त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर) हे आकडे ताडून बघा. रीचमधला १० मिमीचा फरक स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलून निघतो. २०च्या पुढे गेला तर दुसरी साईझ बघा.

आता मराठवाड्यापुरतं सगळ्यात महत्त्वाचं: वजनापेक्षा टायरला जागा किती, ते आधी विचारा. सोलापूर–धुळे महामार्गावर २५ मिमी टायर छान पळतो, पण गावाच्या फाट्याला वळलं की खडी, सराटे आणि बाभळीचे काटे. किमान ३२ मिमी टायर बसेल अशीच फ्रेम घ्या. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेली काळी माती रिम ब्रेकच्या कॅलिपरमध्ये अशी थापली जाते की चाक फिरेनासं होतं. म्हणून डिस्क ब्रेकच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) घेणार असाल तर जवळपास ब्लीडिंग करणारा, म्हणजे त्या तेलातली हवा काढणारा मिस्त्री आहे का, याची आधी चौकशी करा. नसेल तर केबलवर चालणारा डिस्क ब्रेक बरा. ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ४० मिली सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) लागतं आणि उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी तपासा. ७० किलोच्या माणसाला ३२ मिमी टायरमध्ये ५५–६० पीएसआय हवा पुरते.

जुनीवरून पायडल, सीट, बाटलीचे स्टँड, दिवे काढून घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. जोर लावून उलटं फिरवलं तर आणखी आवळतं. नवीवर बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवात हाताने करा. तिरकं बसलं तर क्रँकचे आटे जातात. चाकं मात्र सहसा चालत नाहीत: जुना मागचा हब (चाकाचा मधला भाग) १३० मिमी क्विक रिलीजचा (खटक्याने सुटणाऱ्या बारीक दांड्याचा), नवी डिस्क फ्रेम १४२ मिमी थ्रू-ॲक्सलची (आरपार स्क्रू होणाऱ्या जाड दांड्याची).

सायकल खोक्यातून आली तर चिमटा (पुढचा फोर्क) उलटा बसलेला नाही ना, हे पहिलं बघा. चाक नसताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले ठेवून आधी वरची टोपी आवळा, हेडसेटची (हँडलखालच्या बेअरिंगची) खिळखिळ गेली की मग बाजूचे बोल्ट, साधारण ५ न्यूटन-मीटरला. स्टेमवर आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. कार्बन सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट.

नवे डिस्क पॅड रोटरवर (चाकाच्या चकतीवर) घासून बसल्याशिवाय पकडत नाहीत. दौलताबाद–खुलताबाद घाट उतरायच्या आधी सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता, वीसेक वेळा जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबा. शे-दीडशे किलोमीटरनंतर गिअर उड्या मारू लागतील. नवी केबल थोडी सैल झालेली असते, मागच्या डीरेलरचा (साखळी गिअरवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) बॅरल, म्हणजे केबल ताणायचा स्क्रू, अर्धा-अर्धा फेरा सोडत जुळवा.

जुनी विकताना पावतीवर फ्रेम नंबर लिहा, तो सहसा क्रँकच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला असतो.