जुन्या टी-शर्टांची गोधडी, कोकणच्या पावसाळ्यात टिकेल अशी

गणपतीत मंडळाने वाटलेला, गोविंदा पथकाचा, वाडीच्या टीमची मागे नाव-नंबर असलेली जर्सी, कॉलेजच्या गॅदरिंगचा, दहावीच्या बॅचच्या गेटटुगेदरचा. कोकणात कुठल्याही घरातलं कपाट उघडा, असे टी-शर्ट निघणारच, आता ते घालत कोणी नाही आणि टाकवतही नाहीत. मग एखाद्या पावसाळ्यात त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आई त्यातलाच एक गाडी पुसायला काढते आणि घरात भांडण. त्यापेक्षा त्यांची गोधडी शिवा.

यूट्यूबवर याचे व्हिडिओ भरपूर आहेत पण बरेचसे थंडीच्या देशातले, ते लोक आत जाडजूड फायबरचा थर घालतात. आपल्याकडे ते अजिबात नको. एकतर उकडतं, आणि जूनमध्ये एकदा का ती ओली झाली की वाळायचं नाव नाही, कुबट वास धरते तो जातच नाही. आत एक जुनी सुती साडी, मागे एक जुनी सुती साडी, वर टी-शर्ट, बस. आपल्या आज्या पावसाच्या तोंडावर गोधड्या शिवायच्या त्यात हेच गणित होतं. तुम्हीपण एप्रिल-मेमध्येच घ्या करायला, आमसुलं आणि फणसपोळ्या वाळत असतात तेव्हा खळ्यात जागेसाठी थोडी मारामारी होईल पण मिरगाच्या आधी काम संपायला हवं.

पहिलं काम निवडायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. सगळे टी-शर्ट जमिनीवर पसरा. ज्याची गोष्ट सांगता येते तो ठेवा, नुसता जुना आहे म्हणून ठेवू नका. एकाच मंडळाचे चार वर्षांचे चार सारखेच दिसणारे असतील तर एक घ्या. जर्सीला पुढे लोगो आणि मागे नाव असेल तर एकाच जर्सीचे दोन चौकोन होतात. आणि गेलेल्या माणसाचे कपडे असतील तर आधी घरात विचारा, काही घरांत असे कपडे ठेवत नाहीत, काहींना कात्री लावलेली सहन होत नाही. त्यातला एक न कापता, न धुता बाजूला ठेवा असं मी सांगेन, कारण धुतल्यावर त्या माणसाचा वास जातो आणि तो परत आणायचा काही उपाय नाही.

मग बाकी सगळे धुवा, सॉफ्टनर अजिबात नको, त्याने फ्युजिंग, म्हणजे कापडाच्या मागून इस्त्रीने चिकटवायचं पातळ अस्तर, नीट चिकटत नाही. लाल-निळे मंडळवाले टी-शर्ट वेगळे धुवा, पांढरं ओलं फडकं घासून बघा रंग सुटतोय का. मीठ-तुरटीत बुडवलं की रंग बसतो म्हणतात, तयार कपड्याच्या बाबतीत माझा त्यावर भरवसा नाही, रंग सुटतच राहिला तर तो टी-शर्ट सरळ बाद करा. बुरशीचे ठिपके असतील तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवून बघा, फिके होतात, जुने पूर्ण जात नाहीत. ब्लीच नको, ठिपका जाईल की नाही माहीत नाही पण रंग नक्की जाईल.

आता माप. शिवल्यावर १२ इंचाचा चौकोन दिसायला हवा म्हणजे कापताना १३ इंच, चारी बाजूंनी अर्धा इंच शिलाईत जातो. आडवे ४ आणि उभे ५ असे २० चौकोन घेतले की ४८ बाय ६० इंच होतं, भोवती ३ इंचाची पट्टी लावली की ५४ बाय ६६, दुपारी अंगावर घ्यायला मस्त. मोठ्या माणसाला पायापर्यंत हवी असेल तर ५ आणि ६, म्हणजे ३० चौकोन, पट्टीसकट ६६ बाय ७८. आजीचं नऊवारी लुगडं मिळालं तर लहान गोधडीचं काम एकात भागतं, नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्याचे ७२ इंचाचे चार तुकडे निघतात, दोन जोडून मागची बाजू आणि दोन जोडून आतला थर. मोठीला मात्र दोन साड्या लागतील. सिंथेटिक साडी नको, घसरते आणि घाम धरते.

फ्युजिंग हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, हा टाळलात तर पुढे सगळंच बिनसतं. टी-शर्टचं कापड साडीसारखं उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं नसतं, स्वेटरसारखं एकात एक गुंफलेलं असतं, त्यामुळे ओढलं की ताणतं, तेरा इंचाचा चौकोन शिवताना साडेतेरा होतो आणि ओळी जुळत नाहीत. म्हणून मागून एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असलेलं पातळ फ्युजिंग चिकटवायचं. मॅचिंग सेंटरमध्ये किंवा टेलरिंगचं सामान मिळतं तिथे पेस्टिंग म्हणून मागा, पण कॉलरला घालतात ते कडक बकरम घेऊ नका, नाहीतर गोधडी पुठ्ठ्यासारखी उभी राहील. टी-शर्ट आडवा जास्त ताणतो, तेव्हा फ्युजिंग हाताने ओढून बघा आणि ज्या दिशेने ते कमी ताणतं ती दिशा टी-शर्टच्या आडव्यावर ठेवा. दुकानदार हे सांगत नाही.

शिलाई उसवून, बाह्या काढून, प्रिंट मधोमध येईल असा आधी १५ इंचाचा ढोबळ तुकडा कापा. प्रिंट खाली करून बटर पेपरवर ठेवा, वर फ्युजिंग गोंदाची बाजू खाली, त्यावर सुती फडकं, आणि इस्त्री फिरवायची नाही, दाबून दहा-पंधरा सेकंद धरायची मग उचलून शेजारी ठेवायची. फिरवली की कापड ताणलेल्या अवस्थेतच चिकटतं. आधी बाहीच्या तुकड्यावर करून बघा. प्रिंटवर इस्त्री थेट कधीच टेकवू नका, रबरी प्रिंट वितळून इस्त्रीला चिकटतं. क्रिकेटच्या जर्सी पॉलिएस्टरच्या असतात, त्यांना कमी गरम इस्त्री, जास्त गरम झाली की चकाकणारा डाग पडतो तो कायमचा. कमी गरमीत फ्युजिंग चिकटत नसेल तर जर्सीच्या मागे साधं पातळ सुती कापड लावून कडेने कच्चा टाका मारा, तेही चालतं. सगळं थंड झाल्यावर पुठ्ठ्याचा १३ इंची चौकोन ठेवून नेमकं कापा.

खिशावर छोटासा लोगो असलेले टी-शर्ट असतात, त्यांना अख्खा चौकोन देणं म्हणजे जागा फुकट, तसे चार लोगो जोडून एक चौकोन करा. लहान मुलांचे टी-शर्ट मापात बसत नाहीत, कडेने दुसऱ्या टी-शर्टच्या पट्ट्या लावा. मग सगळं जमिनीवर मांडून फोटो काढा, गडद चौकोन एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर फोटोत लगेच कळतं. आणि कापलेल्या चौकोनांना मागून नंबर घाला, पंखा लावला की सगळं उडतं.

शिवायला होजिअरीची बॉलपॉइंट सुई घ्या, १४ नंबर. साधी टोकदार सुई धागा कापते आणि पहिल्या धुण्यात शिलाईजवळ बारीक भोकं दिसायला लागतात. दोरा पॉलिएस्टरचा, टाका जरा लांब. आडव्या ओळी आधी पूर्ण करा, एका ओळीच्या शिलाया डावीकडे दाबा पुढच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे जोडताना चौकात गाठ येत नाही. पायाची जुनी मशीन असेल तर उत्तम, हे जाड कापड ती आरामात ओढते, छोट्या पोर्टेबल मशीनवर धीराने घ्या.

मग लादीवर मागची साडी उलटी पसरून कडा टेपने चिकटवा, ताठ पण ओढलेली नको, त्यावर आतला थर, त्यावर टी-शर्टांची बाजू. मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने चार-पाच इंचांवर कच्चे टाके घाला. कडेपासून सुरू केलंत तर मधे फुगा येतो. आता खरा धावदोरा, आणि इथे एक अडचण, जाड रबरी प्रिंटमधून सुई जाता जात नाही आणि गेली तरी तिथे भोक राहतं. म्हणून प्रिंटच्या भोवतीने आणि चौकोनांच्या जोडाच्या रेषेवरून टाके घाला. बोटात अंगुस्तान हवंच. हातशिलाईचा कंटाळा असेल तर प्रिंट सोडून पाच-सहा इंचांवर जाड सुती दोऱ्याने सगळ्या थरांतून टाका काढून गाठी मारा, तेवढ्यानेही थर सरकत नाहीत. पण गावात अजून गोधड्या शिवणारी एखादी काकी असेल तर तिच्यासोबत दोन दुपारी बसा, तिचे टाके आणि आपले टाके यात फरक दिसेलच.

कच्चे टाके काढा, कडेला साडीच्या काठाचीच पट्टी लावा, आणि मागे कोपऱ्यात दोऱ्याने वर्ष आणि कोणासाठी शिवली ते घाला.

धुताना गार पाणी, साधी पावडर, वाळत घालताना प्रिंट आतल्या बाजूला, कारण कडक उन्हात प्रिंट तडकतं. पावसाळ्यात धुवायचीच नाही, त्याआधी एकदा उन्हं दाखवून सुती धोतरात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत आत दमटपणा कोंडतो. डांबरगोळ्या टाकल्या तर प्रिंटला टेकू देऊ नका. श्रावणात मधेच ऊन पडलं की बाहेर काढायची, ते ऊन चुकवू नका. उरलेल्या बाह्या आणि गळे टाकू नका, लांब पट्ट्या कापून वेणी घालून गोल शिवलं की पायपुसणं होतं.