बेळगावकरांची यॉट-सहल : आधी वेळ ठरवा, मग बोट

घरात कोणाची साठी किंवा पंच्याहत्तरी आली, की मंगल कार्यालयाऐवजी गोव्याला जाऊन दोन-तीन तासांसाठी स्वतंत्र यॉट घ्यावी, असा बेत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून आताशा निघू लागला आहे. बेत चांगला आहे, मात्र तो आखताना बहुतेकजण मोबाइलवर बोटींचे फोटो पाहण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात दिनदर्शिकेपासून करावी. यॉटचे भाडे माणशी नसते, ते संपूर्ण बोटीचे आणि तासांवर असते, त्यामुळे तुम्ही खरे तर तास विकत घेता, आणि ते तास भरतीचे आहेत की ओहोटीचे, वाऱ्याचे आहेत की निवांत, यावर सहल कशी होणार ते अवलंबून असते.

आमच्या आप्पांच्या पंच्याहत्तरीला आम्ही नेमके उलटे केले. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी चारची वेळ घेतली, सकाळी भरपेट जेवून अकराला टिळकवाडीतून निघालो आणि चोर्ला घाटात दोन ठिकाणी अडकून जेट्टीवर पोहोचेपर्यंत पावणेपाच झाले. पूर्ण ओहोटी होती. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पाच-सहा पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर शेवाळ व कालवांची धारदार कवचे चिकटलेली होती. बोटीचा काठ खाली, आप्पा वर, आणि मधे हातभर अंतर. “बसतो की रे मी, धरू नका,” असे ते म्हणत राहिले, तरी दोन खलाशांनी त्यांना जवळपास उचलूनच आत घेतले. नदीच्या मुखाशी बोट अशी आपटू लागली, की वहिनी आणि दोन पोरे बादली सोडायला तयार होईनात. केकवरची मेणबत्ती सहा काड्या ओढूनही पेटली नाही. शेवटी कळले, की आमचे दोन तास चारपासूनच मोजले जात होते. जाहिरातीतली बोट वेगळीच होती, ही गोष्ट त्या गडबडीत कोणाच्या लक्षातही आली नाही.

तेव्हा प्रथम हंगाम. जून ते सप्टेंबर हे महिने सोडून द्यावेत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, आणि मांडवी नदीच्या मुखाशी आग्वाद किल्ल्याजवळ वाळूची जी पट्टी आहे तिच्यावर पावसाळ्यात लाटा फुटत असल्याने तेथून ये-जा धोक्याची होते. खनिजाचे पडाव, म्हणजे मालवाहू बोटी, पूर्वी पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीकडे वळवले जात, ते याच कारणाने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो. एप्रिल-मे मध्ये जायचेच असेल तर सकाळखेरीज दुसरी वेळ घेऊ नये.

वाऱ्याचा हिशेब शाळेच्या भूगोलात आपण सगळेच शिकलो आहोत. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास मंदावतात. यात ओहोटीची भर पडली की गंमत संपते. नदीचे पाणी समुद्राकडे ओढत असते, वारा समुद्राकडून नदीत घुसत असतो, आणि दोघांची गाठ मुखावर पडून तेथे आखूड, उभ्या लाटा उठतात. आमची बोट आपटली ती याच जागी. यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: मुख ओलांडून बाहेर समुद्रात जायचे असेल तर सकाळी जावे, आणि सूर्यास्त पाहायचा असेल तर नदीच्या आतच राहावे. सूर्यास्ताच्या फेरीला मागणी जास्त असते हे खरे, पण सत्तरीच्या पुढची माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर सकाळचे आठ ते दहा याला तोड नाही.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना ठोकताळा आहे, आणि पंचांग पाहणाऱ्या घरांना तो सोपा जातो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा साधारण तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. गोव्यात भरती या ठोकताळ्यापेक्षा थोडी आधी येते, म्हणून शेवटचा शब्द मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याचा धरावा. तो मोबाइलवर सहज मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि ओढही जोराची असते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असते, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते आणि शांत असते. दशमी ते द्वादशीच्या सकाळी या सगळ्याचा मेळ बसतो: चढायच्या वेळी पाणी जेट्टीच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत, ओढ कमी, वारा मंद. मात्र मधे एकादशी येते, तेव्हा घरात उपास करणारी मंडळी असतील तर जेवणाचा बेत आधी त्यांना विचारून ठरवावा.

वेळ ठरली की बोट निवडणे फारसे अवघड राहत नाही. एका सांगाड्याची शिडाची यॉट दिसायला देखणी असते, परंतु शिडात वारा भरला की ती एका अंगावर कलते. तिची रचनाच तशी असते आणि खाली जड बूड असल्याने ती उलटत नाही, पण हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दोन सांगाड्यांची कॅटामरान रुंद असते, कलत नाही आणि तिच्यावर सतरंजी घातल्यासारखे ऐसपैस बसता येते. वडीलधाऱ्यांसाठी मी तीच घेईन. इंजिनाची मोटर यॉट वेगवान खरी, पण तिच्यावर डिझेलचा वास येतो आणि नांगर टाकून उभी राहिली की ती डोलत राहते. शिडाची बोट ताशी दहा किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे दोन तासांत फार लांब जाऊन परतणे होत नाही, हे एजंटाने कितीही ठिकाणांची नावे घेतली तरी लक्षात ठेवावे.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काही गोष्टी तोंडी न ठेवता लिहून घ्याव्यात. त्यातली पहिली बोटीचे नाव आणि क्रमांक, कारण फोटो कोणत्याही बोटीचा पाठवता येतो. तास कधीपासून मोजणार, ठरलेल्या वेळेपासून की दोर सुटल्यापासून? भाड्यात इंधन, कर, पाणी, बर्फ आणि खलाशी धरलेले आहेत का? हवामानामुळे बंदर खात्याने बोटी थांबवल्या तर पैसे परत मिळणार की दुसरी तारीख? गोव्यात बोटींची नोंदणी आणि परवाने कॅप्टन ऑफ पोर्ट्स या खात्याकडे असतात. परवान्यावर प्रवाशांची कमाल संख्या लिहिलेली असते, आणि तिच्यात खलाशी धरले आहेत की नाहीत ते विचारावे. बारा जणांच्या बोटीत “मुले लहान आहेत, चालतील” असे सांगून पंधरा चढवणारा मालक भेटला तर तेथूनच मागे फिरावे. मांडीवरचे मूलही मोजले जाते.

बोटीवर चढल्यावर तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाला, लाइफ जॅकेट दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. ती माणसागणिक एक हवीत, मुलांसाठी लहान मापाची वेगळी हवीत, आणि ती कुलपात नव्हे तर हाताशी हवीत. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. अग्निशामक, दोरीचे तरंगते कडे आणि वायरलेस सेट चालू आहे ना, एवढे पाहावे. भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा मदत क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावा. आपली मराठी तेथे चालते, आणि खानापूर-जांबोटीकडच्या लोकांना कोकणीही कानावरची असल्याने बोलण्यात अडचण येत नाही. तांडेल “आज बाहेर नको” म्हणाला तर मात्र त्याच्याशी हुज्जत घालू नये, मग पैसे कितीही मोजलेले असोत.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी या वाटेने पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. तीन तास धरावेत आणि घाटातले धुके, खड्डे व अडकलेल्या गाड्या यांसाठी आणखी एक. सकाळची फेरी असेल तर आदल्या रात्री पणजीतच मुक्काम करणे शहाणपणाचे, कारण पहाटे निघून घाट उतरून थेट बोटीत बसणाऱ्याला आधी गाडी लागते आणि मग बोटही लागते.

बोट लागणे ही सहलीतली सगळ्यात मोठी अडचण असूनही तिची तयारी सगळ्यात कमी होते. अॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर उपयोगी पडत नाही; ती डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते आणि तिने झोप येते. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तुडुंब जेवूनही जाऊ नये. सकाळी इडली किंवा मऊ भात पुरे. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक आणि भरपूर पाणी न्यावे. आपला कुंदा न्यायचाच, पण तो उतरल्यावर उघडावा, कारण तुपा-खव्याचा गोड पदार्थ डोलत्या बोटीवर पोटात राहत नाही, हे आम्ही पाहिले आहे. ज्याला मळमळेल त्याने खोलीत आडवे न होता उघड्यावर, बोटीच्या मध्यभागी मागच्या बाजूला बसून क्षितिजाकडे नजर लावावी. मोबाइलच्या पडद्याकडे पाहिले की त्रास हमखास वाढतो.

चपला-बूट जेट्टीवरच टोपलीत काढून ठेवावे लागतात, म्हणून अनवाणी चालायची तयारी असावी. साडी नेसायची असेल तर पदर खोचून. वाऱ्यात सुटलेला पदर शिडाच्या दोरात अडकतो. उन्हाचे मलम घरूनच लावून यावे, कारण तेलकट हात-पाय लागले की डेक निसरडा होतो. बोटीवरचे स्वच्छतागृह अगदी लहान असते आणि बहुधा हातपंपावर चालते, त्यात कागद टाकला तर तुंबते. वयस्करांनी निघण्यापूर्वी हॉटेलातच जाऊन यावे. फुगे, चमक्या, फुलांच्या प्लॅस्टिकच्या माळा नेऊच नयेत. वाऱ्याने त्या क्षणात पाण्यात जातात.

दोन तासांसाठी मला पसंत असलेला मार्ग साधा आहे. पणजीहून निघावे, डावीकडे आदिलशहाचा जुना वाडा आणि कांपाल मागे टाकत मिरामारपर्यंत यावे. उजव्या हाताला रेईश मागूशचा किल्ला दिसतो. पुढे मुखाशी 1612 सालचा आग्वाद. त्याच्या आवारात गोड्या पाण्याचा झरा होता आणि लांबून आलेली गलबते तेथे पाणी भरत, त्यावरूनच पोर्तुगीजांनी हे नाव दिले. वरचा जुना दीपस्तंभ 1864 चा. सकाळी या टापूत डॉल्फिन दिसतात. ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांच्यामागे बोट पळवायला तांडेलाला सांगू नये. इंजिन बंद करून थांबले तर पाठीची करडी कमान पाण्यातून दोन-तीनदा वर येते आणि त्यांच्या श्वासाचा फुस्स असा आवाजही ऐकू येतो. पाण्यात उतरायचे असेल तर नांगर टाकल्यावर, जॅकेटसह आणि तांडेल सांगेल त्याच बाजूने. ओहोटीत मात्र अजिबात नको, ओढ पोहणाऱ्याला दिसत नाही.

आणि ही मांडवी म्हणजे आपलीच म्हादई. ती खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगवते आणि पश्चिमेला उतरून येथे समुद्राला मिळते. दुसऱ्या खेपेला, माघातल्या एका सकाळी, आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांनी हात खाली घालून ओंजळभर पाणी घेतले आणि “खारट झाली की,” एवढेच म्हणाले.

उतरल्यावर तासभर तरी घाट चढू नये. पायाखालची जमीन डोलल्यासारखी वाटते आणि ती भावना गाडीत वाढते. ज्याने गोळी घेतली आहे त्याने गाडी चालवू नये. गोव्यातली दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणता येत नाही आणि सीमेवर अबकारीची तपासणी होते, तेव्हा उरलेल्या बाटल्या “एखादी चालते” म्हणून डिकीत ठेवण्याचा मोह टाळावा. घाट चढून आल्यावर आम्ही कणकुंबीला चहासाठी थांबतो. तेथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगवते आणि ती म्हादईच्या उलट पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. पोरांना तोवर भूक लागलेली असते. कुंद्याचा डबा तेथे उघडावा.