घरात कोणी जास्त गोळ्या घेतल्या तर किती घेतल्या हे कसं काढायचं

आधी १०८ ला फोन करा, मोजामोजी त्यानंतर, कारण हिशोब जुळेपर्यंत थांबलात तर तोच वेळ वाया जातो. गाडी येईपर्यंत रिकामी पाकिटं, बाटल्या सगळं गोळा करा, कचऱ्याचा डबा, उशीखाली, पर्समध्ये पण बघा. मग मेडिकलच्या बिलावरची तारीख बघायची, किती गोळ्या आणल्या, रोज किती घ्यायच्या होत्या, म्हणजे आज किती उरायला हव्या होत्या ते कळतं, आणि त्यातून आत्ता हातात आहेत त्या वजा करा. डोलो ६५० च्या एका पाकिटात १५ गोळ्या असतात, त्यामुळे नुसतं "एक पाकीट" सांगू नका, आकडा आणि मिग्रॅ दोन्ही सांगा. खात्री नसेल तर जास्तीत जास्त किती गेल्या असतील तोच आकडा सांगायचा. पेशंट "दोनच घेतल्या" म्हणाला तरी पाकिटं सोबत न्याच, आजी-आजोबांच्या शुगर-बीपीच्या गोळ्याही तपासा.

किती वाजता घेतल्या हे तर फारच महत्त्वाचं. पॅरासिटामॉल (डोलोत हेच औषध असतं) जास्त गेलं तर पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसू शकतो आणि आत लिव्हर खराब होत असतं, त्यावरचं औषध पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं, म्हणून "बरा दिसतोय, सकाळी बघू" अजिबात नको. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. आणि प्लीज त्या वेळी ओरडू नका हो, घाबरलेला माणूस खरा आकडा सांगत नाही.