सॉर्सररचे वरचे स्पेल निवडताना
डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्र बनून खेळायच्या खेळाच्या २०१४च्या नियमांत सॉर्सररला (जन्मजात जादू असलेल्या पात्राला) स्वतःच्या ११, १३, १५ आणि १७व्या लेव्हलला एकेकच नवा स्पेल (मंत्र) मिळतो. तो चुकला की पुढची लेव्हल येईपर्यंत गळ्यात.

१. यादीतल्या कॉन्सन्ट्रेशनवाल्या (लक्ष टिकवलं तरच चालू राहणाऱ्या) स्पेलांपुढे पेन्सिलीने खूण करा. एका वेळी एकच चालतो, त्यामुळे चार-पाच खुणा दिसल्या तर नवा स्पेल बिनकॉन्सन्ट्रेशनचा घ्या.

२. नुसत्या डॅमेजसाठी जागा घालवू नका. फायरबॉल हा आगीचा स्पेल सातव्या लेव्हलच्या स्लॉटमधून (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायची मोजकी संधी; तिची लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळी) टाकला की ८ऐवजी १२ फासे पडतात, तेवढ्यात भागतं. ती जागा टेलिपोर्टला द्या. अख्ख्या टोळीला संकटातून क्षणात बाहेर काढणारे स्पेल फार थोडे असतात.

३. १७व्या लेव्हलला डोळे मिटून विश हा स्पेल घ्या. स्पेलच्या आठव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही स्पेल त्यातून निघतो.

मात्र विशकडे याहून वेगळं काही मागितलंत, तर तो कायमचा हातचा जाण्याची शक्यता ३३ टक्के.