बिलियन म्हणजे १०० कोटी
इंग्रजी बातमीत ‘बिलियन’ दिसलं की थेट १०० कोटी, म्हणजे एक अब्ज, असं वाचा. मिलियन १० लाखांचा, बिलियन त्याच्या हजारपट. भारताची लोकसंख्या १.४ बिलियनच्या वर, म्हणजे १४० कोटींच्या वर. एवढं एक उदाहरण डोक्यात ठेवलं तरी शून्यं मोजत बसावं लागत नाही.

जुनं ब्रिटिश पुस्तक हाती असेल तर मात्र जपून. तिथे बिलियन म्हणजे बहुधा दहा लाख गुणिले दहा लाख, आजचा ट्रिलियन, आपले एक लाख कोटी. ब्रिटिश सरकारने हजार मिलियनचा अर्थ १९७४ मध्ये स्वीकारला.

‘थँक्स अ मिलियन’मध्ये तर आकडाच नाही. तिथे ‘मनापासून आभार’ लिहा. ‘दहा लाख धन्यवाद’ नको!