लिनक्स लॅपटॉप चालू व्हायला लई वेळ लावतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

भावांनो, लिनक्सवाला लॅपटॉप स्लो बूट व्हायला लागला की आपल्या कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला, फॉरमॅट मार. राजारामपुरीत दुकानात न्या नाहीतर इंजिनिअरिंगच्या पोराला दाखवा, दोघं पण तेच सांगणार. मारा की, कोण अडवलंय, पण आधी एवढं बघा की मशीन खरंच काम करालंय म्हणून वेळ लागतोय का नुसतं कशाची तरी वाट बघत बसलंय, कारण दोन्हीचे उपाय एकदम वेगळे आहेत.

टर्मिनल उघडा आणि सिस्टीमडी-अॅनलाइझ ही कमांड द्या (टाइप अर्थातच इंग्रजीत). कर्नलला (लिनक्सचा गाभा) किती सेकंद, युझरस्पेसला (त्यावर चालणारे बाकीचे प्रोग्राम) किती ते समोर येतंय, बऱ्याच लॅपटॉपवर फर्मवेअर (मशीनचा स्वतःचा आतला प्रोग्राम) आणि लोडरचा (लिनक्स उचलून चालू करणारा) वेळ पण दिसतो. फर्मवेअरचाच आकडा मोठा असेल तर लिनक्सला शिव्या देऊन उपयोग नाही, बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) जाऊन नेटवर्क बूट बंद करा आणि बूट ऑर्डरमध्ये आपली डिस्क वर घ्या. लोडरचा मोठा असेल तर बहुतेक ग्रबचा (लिनक्सचा नेहमीचा लोडर) मेनू उगाच थांबलेला असतोय, ग्रबच्या सेटिंग फाइलमधला टाइमआउट कमी करायचा आणि उबुंटू-मिंटवाल्यांनी नंतर अपडेट-ग्रब मारायचं, विषय संपला.

युझरस्पेसचा आकडा फुगलाय? मग त्याच कमांडपुढं ब्लेम लिहा. कुठल्या सर्व्हिसनं (मागं चालणाऱ्या प्रोग्रामनं) किती वेळ खाल्ला त्याची यादी येते, पण ती बघून लगेच सगळं बंद करत सुटू नका, बऱ्याच सर्व्हिस एकाच वेळी चालू होत असतात त्यामुळं त्या आकड्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. बूटचा लोगो दाखवणाऱ्या प्रोग्रामचं प्लायमाउथ-क्विट-वेट वर दिसतंय म्हणून लोक घाबरतात, ते बिचारं बाकीच्यांची वाट बघतंय एवढंच. खरा अडकलेला कोण ते ब्लेमच्या जागी क्रिटिकल-चेन लिहिल्यावर कळतंय. तिथं नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेट जोडलं जाईपर्यंत थांबणारी सर्व्हिस) दिसलं आणि बूट होतानाच नेटवर्कवरचा फोल्डर जोडायची भानगड तुमच्याकडं नसेल तर सिस्टीमसीटीएल या कमांडनं डिसेबल करून टाका, वायफाय नंतर आपोआप जोडलं जातंय.

आता मेन मुद्दा. बूट होताना एस्केप दाबून लोगो घालवा आणि मेसेज वाचा. "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" अशी ओळ आणि पुढं दीड मिनिटाचं घड्याळ दिसलं तर समजा सापडलं, कारण 90 सेकंद हा सिस्टीमडीचा (बूट होताना सगळ्या सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम) डीफॉल्ट टाइमआउट आहे, म्हणजे मशीन स्लो नाहीच, बहुतेक वेळा ते जागेवर नसलेली एखादी डिस्क शोधालंय. नेहमीचा किस्सा असा, एकाच लॅपटॉपवर शेजारी दुसरं लिनक्स टाकलं, त्याच्या इन्स्टॉलरनं कॉमन असलेलं स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) नव्यानं फॉरमॅट केलं, स्वॅपचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख नंबर) बदलला, आणि पहिल्या लिनक्सच्या एफएसटॅब फाइलीत (बूट होताना काय काय जोडायचं त्याची यादी) जुनाच राहिला. मग ते रोज दीड मिनिट जुन्या नंबरचं दार वाजवत बसतंय आणि शेवटी कंटाळून तसंच पुढं जातंय. डेटाचं पार्टिशन असं गायब असेल तर पुढं पण जात नाही, थेट इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरतं काळं टर्मिनल) नेऊन टाकतंय.

उपाय सोपा आहे. एलएसबीएलके हायफन एफ मारा, आत्ता असलेले यूयूआयडी दिसतील, ते ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅबशी एकेक अक्षर ताडून बघा. फाइलीची कॉपी आधी काढून ठेवा हां, इथं चुकलं तर लॅपटॉप उठणार नाही. न जुळणारी ओळ दुरुस्त करा, नको असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका म्हणजे ती बाद, आणि कधी जोडता कधी काढता अशा एक्स्टर्नल डिस्कच्या ओळीत ऑप्शनमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) लिहा, टाइमआउट पण 5 सेकंदावर आणता येतो. रीस्टार्टच्या आधी फाइंडएमएनटी डबल हायफन व्हेरिफाय मारून चेक करा. डेबियन-उबुंटूवाल्यांनी इनिट-रॅमएफएसच्या (कर्नलसोबत सुरुवातीला चढणारी छोटी सिस्टीम) कॉन्फिगमधली रिझ्यूम फाइल (हायबरनेटमधून उठताना कुठला स्वॅप बघायचा ते सांगणारी) पण बघायची, तिथं जुनाच यूयूआयडी पडून असला तर कर्नलच्या टायमातच अर्धा मिनिट जातोय. तो बदलून अपडेट-इनिट-रॅमएफएस हायफन यू मारा.

एवढं करून कुठंच काही थांबलेलं दिसत नाही, सगळंच सारखं रखडतंय, तर मग हार्डडिस्क. स्मार्टसीटीएल या कमांडनं तब्येत बघा, पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) वाढत असतील तर बाकी सगळं सोडून आधी फोटो न् प्रोजेक्ट दुसरीकडं काढून घ्या. तब्येत चांगली असून पण जुनी फिरणारी डिस्क असेल तर सर्व्हिस बंद करून दोन-चार सेकंद वाचतील, त्यापेक्षा सरळ एसएसडी टाका. आणि बूट झटक्यात होतंय पण लॉगिननंतर डेस्कटॉप यायला वेळ लागतोय असं असेल तर स्टार्टअप ॲप्लिकेशनची यादी उघडून नको ते काढा, तो वेळ सिस्टीमडी-अॅनलाइझच्या आकड्यात धरलेलाच नसतोय.