लोकांना सोबत घेऊन आर्ट प्रोजेक्ट करताय? वेबसाइटच्या या चुका टाळा

"लोकांकडून फोटो, चित्रं, आठवणी मागवू आणि साइटवर टाकू" असं डोक्यात आलं की बहुतेक आर्टिस्ट आधी डोमेन (साइटचा पत्ता) घेतात, मग लोगो, मग स्क्रोल केल्यावर होमपेजवर काय काय हलेल यात महिना घालवतात, आणि लोकांनी नेमकं पाठवायचं काय ते मात्र एका ओळीत उरकतात: "'घर' या विषयावर काहीही पाठवा." काहीही म्हटलं की कोणी काहीच पाठवत नाही, आणि पाठवलंच तर सूर्यास्त येतात.

मिरांडा जुलाय आणि हॅरल फ्लेचर या आर्टिस्टनी २००२ मध्ये अमेरिकेत 'लर्निंग टु लव्ह यू मोअर' हा असाच प्रोजेक्ट सुरू केला होता, त्यात साइटवर असाइनमेंट असायच्या. एक होती, फ्लॅश मारून पलंगाखालचा फोटो काढा. बस एवढंच, पण वाचल्यावर माणूस खाली वाकतोच ना! २००९ पर्यंत अशा ७० असाइनमेंट झाल्या आणि आठ हजारांवर लोकांनी भाग घेतला. सूचना अशी पाहिजे, कॅमेरा कुठे धरायचा इथपर्यंत.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट, "फॉर्म चालत नाहीये हो". आपण लॅपटॉपवर बारकासा फोटो टाकून टेस्ट करतो आणि खूश होतो, लोक मात्र मोबाइलचा ४-५ एमबीचा फोटो टाकतात. साइट पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर असेल (वर्डप्रेस म्हणजे पीएचपीच) तर अपलोडची मूळ लिमिट २ एमबी असते, होस्टिंगवाल्याने (ज्याच्या सर्व्हरवर साइट असते त्याने) वाढवली नसेल तर फोटो जातच नाही आणि कधीकधी धड एररही दिसत नाही. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' आणि 'पोस्ट मॅक्स साइझ' दोन्ही वाढवा, दुसरी पहिलीपेक्षा मोठी ठेवा. आयफोनवाल्यांचे फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी या फॉरमॅटमध्ये येऊ शकतात, ते फॉर्म घेतो का तेही बघा.

गूगल फॉर्म सोपा वाटतो, पण फाइल अपलोड ठेवलं की तो लॉगिन मागतो, आणि ज्या काकूंच्या गोधडीचा फोटो तुम्हाला हवाय त्या पासवर्ड आठवेना म्हणून तिथेच थांबतात. त्यापेक्षा वेगळं सिम घ्या आणि सरळ व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या. मोठे प्रिंट काढायचे असतील तर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं ठळक लिहा, नाहीतर फोटो दाबून बारीक होऊन येतो. फक्त एक भानगड आहे, डॉक्युमेंट म्हणून आलेल्या फोटोत लोकेशनही तसंच येऊ शकतं, म्हणजे कोणाच्या तरी घराचा पत्ताच. साइटवर चढवण्याआधी तो मेटाडेटा (फोटोत लपलेली अशी माहिती) काढायचाच, यात आळस नको.

मराठी मजकूर मागवणार असाल तर युनिकोडमध्येच (मोबाइलवर टाइप होतं तसं) पाठवा असं स्पष्ट सांगा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधलं कोणी पाठवलं की साइटवर नुसती कसलीतरी चिन्हं दिसतात. खरं तर कागदावर हाताने लिहून फोटो पाठवा म्हणावं, अक्षर बघायला मजा येते.

आलेलं सगळं आपोआप साइटवर दिसेल अशी सोय अजिबात करू नका. 'पोस्टसिक्रेट' या प्रोजेक्टमध्ये लोक आपली गुपितं निनावी पोस्टकार्डांवर पाठवतात आणि तो चालवणारा फ्रँक वॉरन त्यातली निवडून साइटवर लावतो, २००५ पासून हे छान चाललंय. २०११ च्या सप्टेंबरमध्ये त्याचं अ‍ॅप आलं, तिथे लोक थेट टाकायला लागले, आणि इतका घाणेरडा मजकूर यायला लागला की वर्ष संपता संपता अ‍ॅप बंद करावं लागलं. पोस्टकार्ड चालूच राहिली! तेव्हा मध्ये एक माणूस पाहिजेच, आणि तो माणूस रात्री अकरा वाजता तुम्हीच असणार हे धरून चाला.

परवानगी नंतर बघू म्हणू नका. साइट, प्रदर्शन, पुस्तक, तिन्हीसाठी वेगळी टिक ठेवा, नाव छापायचं की नाही तेही तिथेच विचारा. पुढे प्रकाशक भेटला की शेकडो लोकांना शोधत बसावं लागतं, निम्म्यांचे नंबर बदललेले असतात.

आणि डोमेन साइट बनवून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर घेऊ नका, तो नोकरीला लागला की रिन्यूअलचा मेल कोणी बघत नाही. अ‍ॅडोबी फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या कितीतरी साइट्स २०२० संपताच ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या, म्हणून मूळ फाइल्स आणि कोणी काय पाठवलं त्याची साधी एक्सेल शीट, दोन्ही हार्डडिस्कवर वेगळी ठेवा, शक्यतो दोन हार्डडिस्कवर.